राहुकाळातली तेजी

चेन्नईत गिंडीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले तांबरमचे गिरिधरराव हल्ली मोबाइलवर शेअरबाजार शिकत होते. भाव चढला आणि सोबत उलाढालही वाढली, तरच तेजी खरी, हे त्यांनी घोकून ठेवलं होतं. शुक्रवारी नेमकं तसंच झालं. पण राहुकाळ लागलेला! अशा वेळी खरेदी कशी करायची? बिचारे कॉफी गार करत, डोळ्यांदेखत चढणारा भाव बघत बसले. बाराला राहुकाळ सुटला, त्यांनी चढ्या भावानं शेअर घेतला आणि त्याच मिनिटाला आलेखावरचा उलाढालीचा खांब ताडमाड वाढला.

"बघितलंस? मोठे खेळाडू उतरले!" ते बायकोला ओरडून म्हणाले.

सीतालक्ष्मीनं चिरायला घेतलेल्या भाजीवरून मानही उचलली नाही. "मोठे कसले? तुमच्यासारखेच बारा वाजायची वाट बघत बसलेले पेन्शनर असतील!"