राव सरांचा हिरव्या आकड्यांचा कॅल्क्युलेटर

"सेल नवीन घातलेत ना?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

"घातले हो. मीच घातले," राव सर म्हणाले.

"खाली पडला होता? पाणी, कॉफी, काही सांडलं?"

"काही नाही. अस्कं मीच पाहतो. दुसरं कोणी त्याला शिवत नाही."

अस्कं म्हणजे सगळं. राव सर तंजावरचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या तमिळनाडूतले. मी नाशिकचा, नोकरीमुळे चेन्नईत आलेला. त्यांचं मराठी मला दर दोन वाक्यांनी अडवायचं. अड्यारच्या आमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ऑसिलोस्कोप, पॉवर सप्लाय असली यंत्रं यायची. कॅल्क्युलेटर दुरुस्त करणं आमचं कामच नव्हतं. पण राव सरांचा मुलगा आमच्या मॅनेजरचा, सुंदरम सरांचा, मित्र. त्यामुळे ही वस्तू थेट माझ्या टेबलावर आली. ओळखीतलं काम म्हणजे डोक्याला ताप, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

कॅल्क्युलेटर सत्तरच्या दशकातला, जपानी, चष्म्याच्या डबीएवढा जाड. हल्लीच्या कॅल्क्युलेटरचे करडे आकडे दिसायला बाहेरचा उजेड लागतो. याच्यात मात्र काचेची छोटी ट्यूब असते आणि आकडे स्वतःच हिरवे उजळतात. राव सरांची सगळी अडचण तिथेच होती. रेल्वेचे पूल बांधून ते निवृत्त झाले होते आणि आता मुलाच्या ऑफिसात इमारतींचे हिशेब तपासत होते. त्यांचे दोन्ही डोळे अधू. करडे आकडे त्यांना दिसतच नसत. कॅल्क्युलेटर बंद पडल्यापासून ऑफिसातली टायपिस्ट शेजारी बसून आकडे वाचून दाखवत होती.

"दुसऱ्यानं वाचलेल्या आकड्यावर मी सही करू काय?" राव सर म्हणाले. "हा चालला नाही तर माझं काम सरलं. वेगी करून द्या."

ते गेले आणि मी वस्तू उघडायला घेतली. स्क्रू गंजलेले. एकाचं डोकंच झिजलं. सेलच्या पट्ट्यांवर हिरवट थर होता, तो स्पिरिटने पुसला. सेलच्या जागी आमचा पॉवर सप्लाय जोडला. करंट शून्य. म्हणजे सेलपासून आतल्या बोर्डापर्यंतची वाट कुठेतरी तुटली होती. ऑन-ऑफचा स्विच मीटरवर तपासला, ठणठणीत. सर्किटचा नकाशा नाही, विचारायला कंपनी नाही. एका दमडीच्या कामापायी माझा जेवणाचा डबा तसाच राहिला.

तेवढ्यात सुंदरम सर आले.

"पाटणकर, याला बीईआर टॅग लावा."

बीईआर म्हणजे बियाँड इकॉनॉमिकल रिपेअर. दुरुस्त करण्यापेक्षा नवीन घेणं परवडेल, असा शेरा. लाल टॅग, खाली इंजिनिअरची सही.

"सर, मी अजून फॉल्ट शोधतोय."

"अय्यो, शोधू नका. मुलाचा फोन आला होता. कॅल्क्युलेटर गेला म्हटलं की त्याचे अप्पा घरी बसतील. तुमचं काय जातं?"

इतक्या वर्षांत लवकर शोधा म्हणून ओरडणारे पुष्कळ भेटले. शोधू नका म्हणणारा हा पहिलाच. मला असा राग आला की विचारू नका. "वडिलांना घरी बसवायचं तर मुलानं तोंडानं सांगावं," मी म्हणालो. "माझी सही कशाला?"

"संध्याकाळपर्यंत," ते म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

मी चिडून पॉवर सप्लायच्या वायरी सरळ बोर्डाला लावल्या. डिस्प्लेवर हिरवं शून्य उजळलं. बोर्ड जिवंत होता. आता टॅग लावला असता तर ते धडधडीत खोटं झालं असतं.

वाटेत राहिलं होतं अडॅप्टरचं भोक. त्याच्या आत एक पत्ती असते. पिन घातली की पत्ती उचलली जाते आणि सेलचा संबंध तुटतो. पिन काढली की पत्ती परत टेकते. इथे पत्तीखाली पिवळट काहीतरी घट्ट बसलं होतं. मी जुना गोंद समजून वितळवायला सोल्डरिंग आयर्न लावलं, आणि आमच्या डिपार्टमेंटमध्ये देवळासारखा वास सुटला.

"उदबत्ती कुणी लावली?" शेजारच्या टेबलावरून रमणीनं विचारलं.

मी राव सरांना फोन केला. "आयुधपूजेला याला चंदन लावलं होतं?"

"लावलं की. दरसाल लावतो. चंदन, वर कुंकू."

"त्या भोकावर?"

"तिथंच नीट बसतं हो."

"अहो, मग सकाळी मी विचारलं तेव्हा?"

"ते सांडल्याचं विचारलंत. पूजेचं कुठं विचारलंत?"

मी कपाळाला हात लावला. चूक त्यांची म्हणावी तर माझ्या ऑसिलोस्कोपवरही महिन्याभरापूर्वी मीच लावलेला टिळा तसाच होता. वर्षानुवर्षांचे थर कोरून काढले, पत्ती घासली, सेल घातले. चालू.

संध्याकाळी बापलेक दोघं आले, राव सर ऑटोनं, मुलगा गाडीनं. सुंदरम सर केबिनमधून बाहेर आले नाहीत. राव सरांनी काउंटरवरच एकाला सातानं भागलं आणि आकडे मोठ्यानं वाचले. "पॉइंट एक चार दोन आठ पाच सात एक." कुणाला विचारलं नाही, डोळ्यांशीही नेला नाही. मग मुलाकडे वळून म्हणाले, "उद्या कॉलमच्या हिशेबाच्या अस्क्या शीट माझ्या टेबलावर."

"सरी अप्पा," मुलगा तमिळमध्ये बरं म्हणाला.

राव सर पायऱ्या उतरेपर्यंत तो थांबला. मग हळूच म्हणाला, "तुम्ही टॅग लावायला हवा होता. ते वेलचेरीहून शेअर ऑटोनं येतात. या वयात, या डोळ्यांनी. ते ऑफिसात पोचेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो."

माझा राग अर्धा तिथेच उतरला. उरलेला अर्धा मात्र बोललाच. "मग हे त्यांना सांगा ना. मला काय सांगताय?"

बाहेर राव सरांनी ऑटोला हात केला तेव्हा तो धावत गेला आणि त्यांना आपल्या गाडीत बसवलं. सुंदरम सर आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. बोलायला लागले तेव्हा त्यांच्याकडूनच कळलं, की मुलगा आता रोज वडिलांना गाडीनं आणतो, आणि दोघं वाटभर भांडत येतात.

घरात बोलायची गोष्ट रिपेअरला पाठवू नये. आमच्याकडे तिचे पार्ट मिळत नाहीत.