संक्षेप पूर्ण करा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला मी पोटदुखीपर्यंतचं सगळं सांगतो.

मूल गावातल्या एका कॉलेजात मी मराठी शिकवायचो. औपचारिक निबंधात संक्षेप वापरू नयेत, यावर माझं एक गाजलेलं व्याख्यान होतं. दारावरच्या पाटीवर मात्र माझं नाव 'प्रा. डॉ.'ने सुरू व्हायचं. असो. थोडं हसून घेतलं की पुढचं सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं — नाही जात.

माझ्या वर्गातली रंजना भामरागडकडची, मासेमारी करणाऱ्या घरातली. तिची मावशी गावची आशा सेविका. मावशीचा लिहिण्यात हात चालत नसे, म्हणून गरोदर बायांचं रजिस्टर लहानपणापासून रंजनाच भरायची. रकाने बोटभर रुंद. त्यात एक-दोन अक्षरं आणि टिंब, एवढंच मावायचं. तिचं लिहिणं तिथंच घडलं. मी 'माझी आई' हा निबंध दिला, तोही तिने तसाच लिहिला. शेवटची ओळ होती — 'आई ९ म. र. बं. खाटेवर नेली. मृ.'

हे वाचून माणूस काय करतो?

मी ते वर्गात मोठ्याने वाचलं. "ही आई आहे की एसटीचं वेळापत्रक?" वर्ग हसला. हसणारा वर्ग मला फार आवडायचा. मग तिला उभं केलं आणि एकेक संक्षेप पूर्ण करायला लावला.

"नववा महिना, सर. रस्ता बंद."

"आणि मृ.?"

"तेवढं राहू द्या ना, सर. तेवढं मले नाई बोलता येत."

"परीक्षेत असं राहू देत नाहीत," मी म्हणालो.

बोलली ती. अख्खा शब्द. तेव्हा कुणी हसलं नाही.

तुम्हाला वाटेल, मला अर्थ कळला नसेल. कळला होता — आदल्या दिवशी घरी वाचतानाच. पुढ्यातलं जेवण तसंच राहिलं होतं. तरी ती वही मी वर्गात नेली. का? एक विनोद सुचला होता. वाया घालवायचा नव्हता.

पोळ्याला रंजना गावी गेली, ती परत आलीच नाही. प्राचार्यांनी विचारलं, "काऊन येत नाई ती पोरगी?" पाऊस होता. मी म्हणालो, तिकडचा रस्ता बंद असेल. त्यांना पटलं.

पुढे रस्ता सुरू झाला. हजेरीपटावर तिच्या नावापुढे मी वर्षभर 'गै.' लिहीत राहिलो.