पाचोऱ्याचा पिन

“तुमचा पिन काय?”

नवीन माणूस भेटला की नाना त्याचं नाव विचारायच्या आधी हे विचारायचे. विचारताना शर्टाच्या बाहीचं बटण काढायचे आणि उत्तर मिळाल्यावर परत लावायचे. उत्तर नाही मिळालं तर बाही दिवसभर तशीच लोंबत राहायची.

एकदा धुळ्याच्या बसमध्ये शेजारच्या म्हातारीला त्यांनी असंच विचारलं. ती नुकतीच एटीएमवरून आली होती. तिने पिशवी छातीशी धरली आणि कंडक्टरला हाक मारली. कंडक्टरने नानांना उठवून पुढे ड्रायव्हरच्या मागे नेऊन बसवलं. दुसऱ्या दिवशी नाना मला म्हणाले, “बाई, मी पोस्टाचा पिन विचारला हो. त्यात राग येण्यासारखं काय होतं?” मी समजावलं, तर ते आणखीच गोंधळले. एटीएमचं कार्ड त्यांच्या मोठ्या बहिणीकडे असायचं, अक्कांकडे. त्यालाही पिन असतो हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आमची संस्था जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत छोटे दवाखाने चालवते. जळगावचं औषधभांडार माझ्याकडे असतं, दुसरं भांडार धुळ्याला आहे. नाना धुळ्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. कुठल्या दवाखान्याला किती औषध द्यायचं, याचा हिशेब ते बसवून द्यायचे आणि त्यासाठी आठवड्यातून दोनदा एस.टी.ने जळगावला यायचे. आजूबाजूच्या गावांची लोकसंख्या एकीकडे, औषधांचे खोके दुसरीकडे. मानधन घ्यायचे नाहीत. चहा मात्र बिनसाखरेचा आणि बशीतूनच लागायचा.

त्यांची एक तऱ्हा होती. कॉम्प्युटरवर तक्ता उघडला की आधी गावांच्या नावांचा रकाना लपवायचे. समोर उरायचे फक्त आकडे. कॉलेजात पेपर तपासताना ते विद्यार्थ्याच्या नावाचा कोपरा दुमडून ठेवायचे, तीच सवय इथेही. “नाव दिसलं की माणूस बाजू घेतो,” असं त्यांचं म्हणणं. आमचे ड्रायव्हर सलीमभाई धरणगावचे. एकदा त्यांनी हळूच सुचवलं, “नाना, आमच्या धरणगावाला सलाईन थोडं वाढवा ना.” नाना म्हणाले, “वाढवलं असतं. पण धरणगाव मला दिसतच नाही.” सलीमभाई हसत बाहेर गेले, आणि मला वाटलं, असा माणूस दर ऑफिसात एक तरी हवा.

नावांवर त्यांचा राग असायला आणखी एक कारण होतं. आमच्या खानदेशात पिंप्री किती आणि वडगाव किती, याला सुमार नाही. कुणी खुर्द, कुणी बुद्रुक. काहींच्या मागे ‘प्र. चा.’ नाहीतर ‘प्र. उ.’ अशी अक्षरं लागलेली, त्यांचा अर्थ धड कुणी सांगत नाही. एका पिंप्रीचं औषध दुसऱ्या पिंप्रीला गेलं की नाना डोक्याला हात लावायचे. म्हणून त्यांनी नवा तक्ता केला. गावाचं नाव नको, पिन घ्यायचा. ४२५ ने सुरू होतो तो जळगावचा, ४२४ ने सुरू होतो तो धुळ्याचा. लोकसंख्या त्याप्रमाणे वाटायची आणि खोके त्याप्रमाणे त्या त्या भांडारात ठेवायचे. वरच्या लोकांना हे इतकं सुटसुटीत वाटलं की त्यांनी लगेच मान्य केलं.

आता तुम्ही आमच्याकडचे असाल तर इथेच चमकला असाल. पाचोरा, भडगाव, चाळीसगाव हे तालुके जळगाव जिल्ह्यात, पण त्यांचा पिन धुळ्यासारखा ४२४ ने सुरू होतो. शिरपूर, दोंडाईचा धुळे जिल्ह्यात, पण पिन जळगावसारखा ४२५ चा. पोस्टाने आपल्या सोयीने आखलं, सरकारने आपल्या सोयीने. माणसांना त्याचं काही वाटत नाही, कारण पत्र पोचतं. आमची औषधं मात्र या दोन रेघांच्या मधे अडकली. पाचोऱ्याचे खोके धुळ्याच्या भांडारात जाऊन पडले. धुळ्याची गाडी जिल्ह्याबाहेर जात नाही, त्यामुळे ते तिथेच राहिले.

पाऊस लागून कपाशीची निंदणी सुरू झाली, तेव्हा नव्या तक्त्याप्रमाणे पहिला माल आला. मी खोके लावत होते, तर चार खोक्यांवर शिरपूर. मी नानांना फोन केला. “नाना, शिरपूरचा माल माझ्याकडे कसा?”

“शिरपूर आमच्या धुळ्यात शे,” नाना म्हणाले. मग फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला. “उद्या पहिल्या गाडीने येतो.”

आले. खुर्चीवर बसले आणि नावांचा रकाना उघडला. मी पहिल्यांदाच त्यांना तो उघडताना पाहत होते. बोट स्क्रीनवर ठेवून एकेक नाव वाचत खाली गेले. पाचोऱ्यापाशी बोट थांबलं. “बाई, हे धुळ्यात कसं आलं?” त्यांनी मला विचारलं. जणू दुसऱ्या कुणी तरी केलं होतं.

मी धुळ्याच्या भांडाराला फोन लावायला घेतला, तेवढ्यात पाचोऱ्याच्या आमच्या डॉक्टरांचाच फोन आला. एका बाईला शेतात घोणस चावली होती. उजव्या हाताला, तण उपटताना. सर्पदंशाची इंजेक्शनं कपाटात दोनच उरली होती. ती देऊन झाली, आणखी लागणार होती. “माझा माल कुठे आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

शिरपूरच्या खोक्यांत ती इंजेक्शनं होती. मी एक खोकं उचललं, सलीमभाईंनी गाडी काढली. डॉक्टर बाईला ॲम्ब्युलन्समध्ये घालून जळगावकडे निघणार, आम्ही इकडून निघणार, रस्त्यात जिथे गाठ पडेल तिथे इंजेक्शन द्यायचं, असं ठरलं. नाना कुणाला न विचारता मागच्या सीटवर येऊन बसले. खोकं त्यांनी मांडीवर घेतलं.

त्या रस्त्यावर त्या दिवशी केळीचे ट्रक, ट्रॅक्टर, सगळंच होतं. शिरसोली मागे टाकल्यावर मी माझा फोन नानांकडे दिला, कारण समोरून येणारी ॲम्ब्युलन्स हेरायला मला पुढे बघायला हवं होतं. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर ओरडून बोलत होता, मला पुढेही ऐकू येत होतं.

“आम्ही फाट्यावर उभा शेतस.”

“कोणता फाटा?” नानांनी विचारलं.

“पिंप्री फाटा.”

“कोणती पिंप्री?”

“पिंप्री म्हंजे पिंप्री, भाऊ. जिनिंग शे ना, त्याच्यासमोर.”

मग मी ऐकलं ते मला आजही खरं वाटत नाही. नाना अगदी हळू, विनवल्यासारखं म्हणाले, “अहो, पिन काय आहे तिथला?”

पलीकडून फोन बंद झाला. सलीमभाईंनी आरशातून नानांकडे पाहिलं. जिनिंग मिलची उंच शेड सलीमभाईंना ठाऊक होती. तिथे पोचलो तर ॲम्ब्युलन्स कडुनिंबाखाली उभी. नाना माझ्या आधी उतरले, खोकं छातीशी धरून धावले. चिखलात चप्पल राहिली. ॲम्ब्युलन्सचं मागचं दार त्यांनीच ठोठावलं.

ती बाई वाचली. तिचं नाव इंदूबाई. पुढे आठवडाभर ती जळगावच्या एका दवाखान्यात होती. हात कोपरापर्यंत सुजून काळानिळा झाला होता. पण लघवी सुरळीत झाली, विषाने न गोठणारं रक्त पुन्हा गोठायला लागलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता भीती नाही. त्या दिवशी नाना मला घेऊन तिला भेटायला गेले. वाटेत एक वाक्य पुन्हा पुन्हा पुटपुटत होते, पाठ केल्यासारखं.

कॉटजवळ उभे राहून त्यांनी ते म्हटलं. “ताई, तुमचं औषध मी धुळ्याला पाठवलं होतं. माझ्यामुळे हे झालं.”

इंदूबाईने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा उठून उभा राहिला. “नाना, आम्हाले माहीत शे. डायवरनी सांगं. तुम्ही धुळ्याहून औषध लई उनात.”

“धुळ्याहून आणलं नाही. धुळ्याला पाठवलं. ते इथे असायला हवं होतं.”

“तेच तं. इतल्या लांबून,” नवरा म्हणाला आणि वाकून त्यांच्या पाया पडला. “बठ्ठं गाव सांगस, चप्पल सोडीसन पळनात म्हने.”

नाना मागे सरकले. त्यांनी पिनचं सांगितलं, जिल्ह्याचं सांगितलं, हवेत बोटाने एक रेघ काढून दाखवली. ती दोघं लक्ष देऊन ऐकत होती, मधूनमधून मान हलवत होती. सगळं ऐकून झाल्यावर इंदूबाई चांगल्या हाताने उशापासचं एक केळ उचलून म्हणाली, “खाई ल्या, नाना. तुम्हनं तोंड उतरी गयं.”

“बाई, तुम्ही तरी यांना समजावून सांगा,” नाना मला म्हणाले. मी त्या दोघांकडे पाहिलं. मी म्हटलं, “नाना, घ्या केळ.”

शिरपूर-पाचोऱ्याची दुरुस्ती एका दुपारी होऊन गेली. पण नाना तेवढ्यावर थांबले नाहीत. रकाना पुन्हा कधी लपवला नाही. उलट एकेक नाव घेऊन एस.टी.ने ते गाव बघायला जाऊ लागले. वरणगावकडे गेले, साक्रीकडे गेले. परत आले की जास्तच गोंधळलेले असायचे. “बाई, तक्त्यात भरलेलं गाव, आणि मी गेलो तर निम्म्या घरांना कुलूप. सगळे सुरतेला.” मग चहा बशीत ओतून तसाच ठेवायचे. “जनगणना जुनी. माणसं मोजली इथे, आजारी पडतात तिथे. औषध कुठे ठेवायचं सांगा.” मी म्हणायचे, अंदाजाने ठेवू. आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलेल्या माणसाला हा शब्द असा लागायचा की मला बोलल्याचं वाईट वाटायचं.

तक्ता पुढे सरकेना. एका गावापुढे त्यांनी तीन-तीन आकडे लिहून ठेवले, कारण सरपंचाने एक सांगितला, शाळेत दुसरा मिळाला आणि जुना वेगळाच. वरच्या लोकांचा धीर सुटला. शेवटी काम एका तरुण मुलीकडे दिलं. तिने ते नीट केलंही, हुशार आहे. नानांना कुणी टाकून बोललं नाही. पण मग ते जळगावला यायचे थांबले.

मला वाटलं, आता धुळ्यात अक्कांबरोबर निवांत असतील. पुढे सलीमभाईंकडून कळलं की नाना पाचोऱ्याकडच्या त्या खेड्यात जातात. इंदूबाईकडे. दर दोन-तीन महिन्यांनी. तिथे ओट्यावर बसून आपलं म्हणणं पुन्हा सांगतात, की चूक माझी होती. घरातली माणसं ऐकून घेतात आणि त्यांना जेवू घालतात. पोरीच्या साखरपुड्यात तर त्यांना पहिला टॉवेल-टोपीचा मान दिला. नानांना ते घेववेना आणि नाकारताही येईना. सलीमभाई म्हणाले, “बिचारे टोपी हातात धरून उभेच राहिले.”

मी यावर खूप विचार केला. तुम्हीही करून पाहा. माफी मागायला गेलेल्या माणसाला कुणी माफच करत नाही, नुसते उपकार मानतात. अशा वेळी त्याने काय करावं? नाना थकले नाहीत. पुन्हा गेले, पुन्हा सांगितलं.

मागच्या हिवाळ्यात नाना गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत. मी तेराव्याला धुळ्याला गेले. दारात एक जीप उभी होती, पाचोऱ्याकडची. इंदूबाई, तिचा नवरा, सासरची चार-पाच माणसं आली होती. नानांच्या नात्यातले लोक एकमेकांना विचारत होते, हे कोण? इंदूबाईचा नवरा ज्याला त्याला सांगत होता, “मन्ही बाईना जीव वाचाडा त्यासनी.” ऐकणारे हळहळत होते. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “कधी बोलला नाही कुणाला.”

अक्कांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. दार लोटलं. “तू तिथे होतीस ना?” त्यांनी विचारलं. “तो मला म्हणायचा, अक्का, माझ्या हातून एक बाई मरता मरता राहिली. आणि हे लोक म्हणतात, यानं वाचवलं. खरं काय शे?”

“औषध त्यांनीच नेलं होतं, अक्का,” मी म्हटलं. “मांडीवर घेऊन.”

“मग तो रडायचा कशाला?”

आजही कुणी विचारलं तर दोन्ही गोष्टी माझ्या तोंडाशी एकदमच येतात, आणि कुठली आधी सांगावी ते समजत नाही. अक्का पदराने डोळे पुसून उठल्या आणि म्हणाल्या, “चल, पानं वाढायची वेळ झाली.”

स्वयंपाकघरात इंदूबाई कुणी न सांगता पोळ्या लाटायला बसली होती. उजव्या हाताचं एक बोट तिचं आता वळत नाही. लाटणं पुढे-मागे फिरत होतं आणि ते बोट वर, सरळ उभं राहिलेलं. पोळी मात्र गोल होत होती. अक्का तिच्या शेजारी पाटावर बसल्या, तव्यावरची पोळी उलटली, आणि दोघी काम करत राहिल्या.