गेना तपासल्याशिवाय घेत नाही

कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय घरी आला त्या दिवशी गेनोवेवानं तो आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. ताटलीला सकाळच्या पांढऱ्या चीजचं पाणी लागलं होतं, ते पुसलं. हलका पॉवर सप्लाय म्हणजे आत माल कमी, हे तिनं कुठंतरी वाचलं होतं. खोक्यावर छापलेल्या आकड्यावरच काटा बरोबर थांबला, तरी तिचं समाधान होईना. आत कोणी शिशाचा तुकडा घातला असला तर? तिनं डबा कानाशी धरून हलवला, जाळीतून टॉर्च मारून आत पाहिलं, आणि मग कुठं आपल्या जुन्या वहीत त्याच्या नावापुढं खूण केली.

वही पाण्याच्या मीटरांची होती. दान्यूबकाठच्या रूसे शहरात एकतीस वर्षं गेनोवेवा घरोघर मीटर वाचत हिंडली. लिफ्ट नसलेल्या इमारती चढायच्या, बेसिनखाली वाकायचं, आकडा लिहायचा आणि सील बघायचं. मीटरला लोहचुंबक चिकटवून लोक आकडा थोपवतात, सीलची तार केसाएवढी सैल करतात, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं. पुढची तीस वर्षं तिनं दुसरं काही पाहिलंच नाही म्हणा ना. शाळेचा मुख्याध्यापक सापडला, दातांची डॉक्टरीण सापडली, एक पाद्रीसुद्धा सापडला. "माणूस बेसिनच्या वर एक असतो आणि बेसिनच्या खाली दुसरा," असं ती म्हणायची, आणि कोणी केक पुढं केला की आधी बेसिनखाली बघून यायची. चांगली बाई, पण चहाला बोलवावी अशी नव्हे. कोणी बोलावतही नसे.

अशी बाई बासष्टाव्या वर्षी खेळायचा कॉम्प्युटर स्वतःच्या हातानं जोडायला बसली, त्याला कारण दोंका. दोघी एकोणीस वर्षं एकाच ऑफिसात, एकाच रस्त्याच्या दोन बाजू वाटून घेऊन मीटर वाचत. दुपारी बाकावर बसून एका कागदातला चीजचा बानित्सा दोघी खात. पुढं दोंका स्पेनला गेली, वालेन्सियात एका म्हाताऱ्याची देखभाल करू लागली. म्हातारा एके काळी ट्रक चालवायचा. आता त्याच्या घरी मोठा कॉम्प्युटर होता, स्टिअरिंगसकट, आणि त्यावर ट्रक चालवायचा खेळ. म्हातारा शेजारी बसून रस्ता सांगायचा, दोंका चालवायची.

"गेना, यात रूसेसुद्धा आहे गं," एकदा फोनवर ती म्हणाली. "आपला पूल आहे. तू तिकडून ट्रक काढ, मी येते तुला घ्यायला. रूसे ते वालेन्सिया, दोघी मिळून."

गेनोवेवाचे गुडघे गेले होते. वार्नाच्या पलीकडं ती कधी गेली नव्हती. तिनं हो म्हटलं, आणि म्हणून झाल्यावर तिला स्वतःचंच नवल वाटलं.

दोंकानं पुढं आणखी एक सांगितलं. म्हाताऱ्याकडचं जुनं ग्राफिक्स कार्ड कपाटात पडून आहे, अगदी चांगलं आहे, येणाऱ्या बसवाल्याबरोबर पाठवून देते. तसंच. फुकट.

इथं गेनोवेवाच्या मनात पाल चुकचुकली.

"फुकट का म्हणून?"

"का म्हणून काय? तुला हवंय, माझ्याकडं आहे."

"फुकट कोणी काही देत नाही, दोंका."

"बरं बाई, नको तर नको," दोंका म्हणाली आणि विषय बदलला. गेनोवेवानं फोन ठेवला तो याच विचारात, की हिनं विषय इतक्या चटकन का बदलला.

मग बाजारातून एकेक भाग येऊ लागला. रॅमच्या पाकिटावरचं सील तिनं भिंगाखाली धरलं. एकतीस वर्षं सीलं तपासलेल्या बाईला कागदी चिकटपट्टी काय फसवणार? मदरबोर्ड घेतला तो दुकानदार "हाच घ्या" म्हणाला त्याच्या शेजारचा. प्रोसेसरचे पाय एकेक करून मोजले. जोडणी मात्र तिनं झकास केली. पान्याला सरावलेले हात होते, आणि बेसिनखालच्या मानानं टेबलावर काम म्हणजे चैनच. शेवटी उरलं एक कार्ड, आणि ते लागल्याशिवाय पडद्यावर काही दिसेना.

नवं कार्ड तिच्या पेन्शनला झेपणारं नव्हतं, आणि जुन्यात सगळा घोळ होता. लोक गॅरेजात डझनानं कार्डं टांगतात, रात्रंदिवस राबवून त्यातून आभासी नाणी काढतात, आणि कार्डाचा पार पिळून चोथा झाला की पुसून "क्वचित वापरलेलं" म्हणून विकतात. हे वाचल्यावर तिला सगळ्या जाहिराती एकाच गॅरेजातून लिहिल्यासारख्या दिसू लागल्या.

बरं तर बरं, कुरिअरची तपासणी होती. आमच्याकडं पार्सल कुरिअरच्या ऑफिसात उघडायचं, बघायचं, चालवून पाहायचं आणि पटलं तरच पैसे द्यायचे. नाही पटलं तर माघारी, जाण्यायेण्याचा खर्च पाठवणाऱ्याच्या माथी. लोक बूट घालून दोन पावलं चालतात आणि घेऊन जातात. गेनोवेवा बाजाराच्या चाकांच्या पिशवीत अख्खा कॉम्प्युटर घालून गेली. भिंतीवरच्या टीव्हीवर जाहिराती चालू होत्या, त्याची वायर तिनं काढून आपल्या कॉम्प्युटरला जोडायला लावली.

"गेनामावशी, मागं रांग आहे हो," काउंटरवरची मिग्लेना म्हणाली.

"रांगेला सांग, पुढच्या वेळी त्यांचंही बघून देईन."

पहिलं कार्ड परत गेलं, कारण स्क्रूवरची पट्टी एकदा काढून पुन्हा चिकटवलेली होती. दुसरं नीट चाललं, पण विकणाऱ्यानं लिहिलं होतं, "फक्त बायको फोटो बघायची." न विचारता बायकोला मध्ये आणणारा माणूस सरळ नसतो, म्हणून तेही गेलं. तिसऱ्यात काही म्हणता काही खोट निघेना. तासभर चाललं, तापलं नाही, एक ओरखडा नाही.

"मग आता काय झालं?" मिग्लेनानं विचारलं.

"तीन वर्षं वापरलेल्या वस्तूवर ओरखडा नाही? धुतलंय हे. परत पाठव."

तिसऱ्यानंतर मात्र कोणी पाठवीना. जाहिरातीखाली लिहावं, तर उत्तर येईना. शेवटी लोवेचच्या वेलिझार नावाच्या एकानं उत्तर दिलं. "तुम्हाला तपासणीसकट पाठवत नाही. तुमचं नाव यादीत आहे." खाली यादीही जोडली होती. विकणारे लोक अशा याद्या ठेवतात, पार्सलं मागवून माघारी धाडणाऱ्या गिऱ्हाइकांच्या. त्यात तिचं नाव, गाव, फोन आणि शेरा. "उघडते, चालवते, परत करते. संशयास्पद."

हा शेवटचा शब्द तिनं स्वतः आयुष्यात किती पंचनाम्यांवर लिहिला असेल याला गणती नव्हती. आज पहिल्यांदा तो तिच्या नावापुढं होता. तिनं रागानं फोन लावला.

"मी एकतीस वर्षं चोर पकडलेत," ती म्हणाली.

"बाई, असं चोरही म्हणतात," वेलिझार शांतपणे म्हणाला. "माझ्याकडून कार्ड न्यायचं, आतले भाग बदलायचे आणि परत धाडायचं, हे माझ्याबाबतीत दोनदा झालंय. तुम्हाला ओळखणारं कोणी आहे का? नातेवाईक नको. त्यांनी सांगितलं तर पाठवतो."

सगळ्या रूसेचे उंबरे झिजवलेल्या बाईला सांगायला एक नाव आठवेना. मुख्याध्यापक? डॉक्टरीण? त्यातच दोंकानं आदल्या दिवशी सांगितलं होतं, की महिनाअखेरीला म्हाताऱ्याला वृद्धाश्रमात नेणार, घर बंद होणार, कॉम्प्युटर जाणार. येता रविवार शेवटचा. स्पेनहून बस यायला आता वेळ नव्हता. गेनोवेवाला पहिल्यांदाच खरी भीती वाटली, की हा रविवार गेला तर दोंका पुन्हा बोलावणार नाही, आणि बोलावणारं दुसरं कोणी नाही. तिनं दोंकाचा नंबर दिला.

देणं सोपं नव्हतं, कारण दोंकाच्या बाबतीत एक गाठ होती. अकरा वर्षांपूर्वी दोंकाच्या आईच्या घरी, बेसिनखाली, गेनोवेवाला चुंबक सापडला होता. तिनं तिथंच पंचनामा लिहिला, म्हातारीच्या नावावर. म्हातारीनं सही केली. दोंका भांडी पुसायचं फडकं घेऊन दारात उभी होती. दुसऱ्या दिवशी दोघींनी नेहमीसारखा बानित्सा खाल्ला, आणि त्यावर आजवर कधी अवाक्षर निघालं नव्हतं. तेव्हापासून दोंकाच्या प्रत्येक गोड शब्दाखाली गेनोवेवा टॉर्च मारून बघत आली होती.

संध्याकाळी वेलिझारचा निरोप आला. "मैत्रिणीशी बोललो. त्या म्हणाल्या, हिनं माझ्या सख्ख्या आईवर चोरीचा पंचनामा केलाय, हिला डोळे झाकून पाठवा. पार्सल उद्या निघेल."

गेनोवेवानं तो तीनदा वाचला. हा दाखला होता की टोमणा, तिला ठरवता येईना. रात्रीचं जेवण तिला गोड लागलं नाही.

शनिवारी पार्सल आलं. मिग्लेनाला वाटलं, आता तरी बाई घेऊन जाईल. पण गेनोवेवानं चाकांची पिशवी उघडली, टीव्हीची वायर काढायला लावली आणि पाऊण तास घेतला. कडेला एक ओरखडा होता, पंख्यात घरची साधी धूळ होती. तिला बरं वाटलं. तिनं पैसे दिले.

रविवारी दुपारी पडदा उजळला. दान्यूबवरचा पूल, आणि अलीकडं तिचा निळा ट्रक. शेजारी एक लाल ट्रक येऊन थांबला. फोन स्पीकरवर होता.

"दिसतेय का मी?" दोंकानं विचारलं.

"दिसतेयस. त्या माणसाला आईचं का सांगितलंस?"

"त्यानं विचारलं, बाई सचोटीची आहे का. मी सांगितलं."

"तुझ्या मनात राग आहे, दोंका. अकरा वर्षं आहे."

पलीकडच्या लाल ट्रकचं इंजिन बंद झालं. मग दोंका म्हणाली, "चुंबक आईनं नव्हता लावला."

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"तुझ्या आईला खाली वाकता येत नव्हतं. तिच्या चपलासुद्धा तू घालायचीस. आणि चुंबक आपल्याच ऑफिसच्या कपाटातला होता, जप्त केलेल्यांतला. मागं निळ्या रंगात नंबर होता, माझ्या अक्षरात. तो मी चाकूनं खरवडला आणि मग पंचनामा लिहिला. तुझं नाव आलं असतं तर नोकरी गेली असती."

"निळा चुरा पडला होता बेसिनखाली," दोंका म्हणाली. "तू गेल्यावर मीच पुसला. तेव्हापासून ठाऊक आहे मला. तोंडानं बोलायला धजले नाही इतकंच. म्हणून ते कार्ड पाठवत होते, तर तू म्हणालीस, फुकट का."

"मग खोटं कुठं म्हटलं? फुकट नव्हतंच ते."

"नव्हतं गं."

गेनोवेवानं चष्मा काढून स्वेटरच्या टोकानं पुसला आणि पुन्हा घातला. "एकतीस वर्षांत तेवढा एक पंचनामा मी खोटा लिहिला," ती म्हणाली, "आणि माझ्या सचोटीचा दाखला द्यायला तुला नेमका तोच सापडला."

"दुसरा कुठला देऊ? बाकीचे तर तू सगळ्यांवरच लिहिलेस, तो एकच माझ्यासाठी," दोंका म्हणाली. "चल, काढ गाडी. पूल रिकामा आहे."

गेनोवेवानं डावा आरसा पाहिला, उजवा पाहिला, पूल खरंच रिकामा आहे का ते पाहिलं, आणि ब्रेक सोडला.