जिनिंगच्या भिंतीवर मी चढवलेलं पाणी

आमच्या नदीला पाणी वर्षातले चार महिने असतं आणि माझ्या गोष्टींत बाराही महिने. हे वाक्य माझं नव्हे, माझ्या बायकोचं. पूर्वी ती ते चेष्टेत म्हणायची. हल्ली चेष्टेत म्हणत नाही.

मी हायस्कुलात इतिहास शिकवायचो. पुस्तकातल्या तहांना आणि लढायांना वर्ग जांभया द्यायला लागला की मी घरचा इतिहास बाहेर काढायचो, नदीकाठच्या तीन जिनिंगचा. कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारे हे कारखाने निजामाच्या अमदानीत अगदी काठावर आले, कारण त्यांच्या बॉयलरला पाणी लागायचं. नदीतून पाणी ओढायचं, वाफ करायची आणि उरलेलं कोमट पाणी दगडी मोरीतून परत नदीत सोडायचं. थंडीत अर्धं गाव त्या मोरीखाली अंघोळीला. माझे वडील मधल्या जिनिंगच्या काट्यावर कापूस तोलायला होते, त्यामुळं मोरीखालच्या पहिल्या जागेवर माझा हक्क आहे असं मला वाटायचं. बाकी कुणाला तसं वाटत नसे, आणि ते मला ढकलून दाखवायचे.

पुढं वाफ गेली, तेलाचं इंजिन आलं, तेही जाऊन वीज आली. एका जिनिंगच्या जागी आता मंगल कार्यालय आहे. दुसरीची चिमणी तेवढी उभी आहे, तिच्या डोक्यावर पिंपळ उगवलाय. मधली मात्र अजून चालते. दिवाळी झाली की झरीकडून, देवगाव फाट्याकडून कापसाच्या गाड्या येऊन रस्ता अडवतात आणि होळीपर्यंत आमच्या भागात पोरंसुद्धा पांढऱ्या भुवयांची दिसतात.

या जिनिंगच्या मागं, नदीच्या अंगाला, कामगारांच्या खोल्यांची एक ओळ आहे. शेवटच्या टोकाला छोटं बुद्धविहार, आणि त्याच्या अलीकडच्या खोलीत अक्का राहते. लग्न होऊन आली त्या हंगामापासून ती जिनवर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस लावायला होती. आता तिची सून जाते. मी चड्डी सांभाळत फिरायचो तेव्हापासून ती मला ओळखते, तरी चारचौघांत ‘सर’ म्हणते. एकटं गाठलं की मग काय म्हणेल याचा नेम नाही.

तर पूर. मी लहान असताना नदीला मोठा पूर आला होता, हे खरं. पाणी जिनिंगच्या आवारात शिरलं, हेही खरं. मी वर्गात ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा पाणी जिनिंगच्या नदीकडच्या ओट्याच्या पायऱ्यांशी थांबलं होतं, असं वाटतं. पण पायऱ्यांशी थांबलेल्या पाण्याला वर्ग कसा दाद देणार? दुसऱ्या वर्षी ते उंबऱ्याला लागलं. मग आत शिरलं. मग रुईच्या गाठी तरंगायला लागल्या. शेवटी तर मी जिनिंगच्या मुनीमालाच एका गाठीवर बसवला आणि धोतर सावरत, चष्मा पुसत, थेट घाटापर्यंत वाहत नेला. पाणी खिडकीला टेकलं तेव्हा कुठं माझं समाधान झालं. “तुमच्या गोष्टीत दर साली पाऊस जास्तीच व्हायलाय,” असं बायको म्हणायची. मी निवृत्त होईपर्यंत गावातल्या निम्म्या घरांत तो मुनीम वाहून गेलेला होता.

गेल्या उन्हाळ्यात पूररेषा आखायला सरकारी इंजिनिअर आले. पुराचं पाणी चढतं तिथवर एक रेषा ओढायची आणि तिच्या आत पक्कं बांधकाम होऊ द्यायचं नाही, असं ते काम. आमच्या नदीच्या जुन्या पुरांची मोजमापं कुणी ठेवलेली नाहीत. अशा ठिकाणी जुन्या माणसांना विचारतात, पाणी कुठवर आलतं? नगरपालिकेच्या माणसानं लगेच माझं नाव पुढं केलं. मी लग्नातलं जाकीट घालून गेलो.

जिनिंगच्या नदीकडच्या भिंतीवर, खिडकीच्या खाली, एक काळपट पट्टा आहे. वरची पाण्याची टाकी कित्येक वर्षं झिरपायची, त्याचा तो डाग, हे मला माहीत होतं. पण इंजिनिअरसाहेब तरुण, हातात वही घेऊन माझ्या तोंडाकडं बघत उभे, मागं चार माणसं जमलेली. मी हात वर केला आणि म्हणालो, “हा बघा, पुराचा डाग. इतिहास भिंतीवर लिहिलेला असतो, साहेब. फक्त वाचणारा पाहिजे.”

साहेब खूश. त्यांच्या माणसानं डागावर लाल रंगाची खूण केली. मग दुर्बीण तिवईवर चढवून त्यांनी तीच उंची खोल्यांच्या भिंतींवर नेली. तिथं खूण कुठं आली हे मी पाहिलंच नाही. मी मुनीमाची गोष्ट सांगत होतो.

खूण दारांच्या चौकटीवर आली होती. ज्या जागेवर त्या खोल्या आहेत ती रहिवाशांच्या नावावर होऊन तिथंच पक्की घरं बांधून मिळणार, असं ठरत आलेलं होतं. पावसाळ्याच्या तोंडावर कळलं की ओळच्या ओळ रेषेच्या आत गेली. आता नाव लागणार नाही, घर बांधता येणार नाही, आणि आहेत त्या खोल्यासुद्धा उठवाव्या लागतील.

अक्का माझ्या घरी आली नाही. विहारापाशी मला गाठलं. आजूबाजूला कुणी नव्हतं.

“पाणी कुठवर आलतं म्हून सांगितलं रे तू?”

“खिडकीपर्यंत.”

“खिडकीपर्यंत आल्यावर मी काय माशावानी पवत बसले व्हते का? तुझा बाप काट्यावर बसून तंबाकू मळायलता. त्याचा पायबी भिजला न्हाई.”

“अक्का, ते जरा गोष्टीच्या ओघात…”

“ओघात तुझा मुनीम गेला. आता आमी चाललो.” मग आवाज खाली आला. “लेक म्हणायलीय पिंगळीला ये. तिच्या दोन खोल्यांत मी, ल्योक, सून, नातू कुठं शिरायचं? हितं सून दुपारच्याला जिनवरून येऊन पोराला पाजून जाते. तिकडनं येईल का?”

मी दुसऱ्या दिवशी परभणीला साहेबांच्या कचेरीत गेलो. जाकीट घातलं नाही.

“म्हणजे सर, तुम्ही खोटं सांगितलं?”

“खोटं नाही. वाढवून.”

“किती वाढवून?”

साधा प्रश्न होता. मी डोळे मिटले. पायऱ्या आठवायला गेलो आणि समोर आली ती खिडकी. खिडकीशी लागलेलं गढूळ पाणी, त्यावर डुलणारी गाठ, मुनीमाचा चष्मा. मी स्वतः रचलेलं सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं, आणि जे खरं असेल ते कुठंच नव्हतं. इतकी वर्षं मी खऱ्या पुरावर माझा पूर सोडत राहिलो होतो. खालचं आता मलाच सापडेना.

“अक्काला आठवतं,” मी म्हणालो.

“त्यांचं घर आहे तिथं. त्या कमीच सांगणार.” साहेब वाईट माणूस नव्हता. “उद्या खरंच पाणी आलं आणि माणसं झोपेत गेली, तर जिम्मेदारी कुणाची? ज्यांचा त्या जागेशी संबंध नाही, अशी जुनी माणसं आणा. मी परत मोजतो.”

मी हिंडलो. पहिल्या जिनिंगचा जुना फिटर अंथरुणावर होता. पुराचं नाव काढताच उठून बसला. “म्या सोत्ता बघितलंय! मुनीम गाठीवर बसून चाललता, धोतर असं धरून!” त्याचा नातू माझ्या वर्गात होता. दुसऱ्या जिनिंगचा एक हमाल म्हणाला, मुनीमाला काढायला दोर त्यानंच टाकला होता. दोर मी कधीच सांगितला नव्हता, तो त्याचा स्वतःचा. मी म्हणालो, “मामा, ती गोष्ट मी बनवलीय.” तो माझ्याकडं कीव केल्यासारखं बघत म्हणाला, “सर, तुमी तवा लहान व्हता. तुमाला काय ठावं?”

दिवाळीनंतर, जिनिंग सुरू झाल्यावर, साहेब ठरल्याप्रमाणे परत आले. जागेशी संबंध नसलेलं जुनं माणूस म्हणून मी एकटाच उरलो होतो. अक्का गुडघ्यावर हात ठेवत ओट्याच्या दुसऱ्या पायरीवर उतरली आणि टाचेनं जागा दाखवली. साहेबांनी लिहून घेतलं. मग माझ्याकडं वळले.

“सर?”

मी दुसऱ्या पायरीवर हात ठेवला.

“खात्री आहे?”

अक्का माझ्याकडं बघत होती. तिची सून दारात उभी होती, केसांत रुई, कडेवर पोर. मला खात्री नव्हती. ‘नाही’ म्हणालो असतो तर ते माझं त्या भिंतीपाशी बोललेलं पहिलं खरं वाक्य झालं असतं.

“बिलकुल आहे,” मी म्हणालो.

आता दोन खुणा आहेत, भिंतीवर खिडकीखाली एक आणि पायरीवर एक. कोणती धरायची ते वर ठरायचंय. खोल्या तूर्तास तशाच आहेत. लोक मला भेटून म्हणतात, बरं केलंत सर, गरिबाच्या बाजूनं उभे राहिलात. मी हो-हो करून सटकतो.

कारण यंदा पाऊस काही माझ्या गोष्टीतला नाही, खराच पडायलाय. वरच्या अंगाला आभाळ भरलं की माझं जेवणात लक्ष राहत नाही. वरच्या धरणातून पाणी सोडलं असं कळलं की मी छत्री घेऊन ओट्यावर जाऊन उभा राहतो. मला त्या पाण्यातलं काय कळतं? तरी उभा राहतो. परवा अक्कानं खोलीतूनच हाक मारली.

“कुठवर आलंय, सर?”

“मोरीच्या खालीच आहे अजून.”

“नीट बघा.” आणि ती स्वतःच बाहेर आली, कपाळावर हात धरून नदीकडं बघत राहिली. “राहू द्या. माझी मीच बघते.”