खंडेनवमीनंतरची वायर

अंबडच्या ज्या वर्कशॉपमध्ये मी कॉम्प्युटरवर बसायचे, तिथंच माझा मोठा भाऊ मशीनवर उभा असायचा. नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमचं घर फुलशेतीवालं. दादा मळा सोडून कारखान्यात गेला याचा वडिलांना राग होता आणि त्याच्यामागं मीही गेले तेव्हा तो दुप्पट झाला.

साचे कोरायचे प्रोग्राम वायरीतून मशीनला पाठवणं हे माझं काम. प्रोग्राम एवढा लांबलचक की मशीनच्या पोटात एकदम मावत नसे. थोडा गेला की मशीन म्हणायचं थांब, तेवढं कोरून झालं की म्हणायचं पाठव. याला हँडशेकिंग म्हणतात. त्यासाठी वायरीत दोन जादा तारा असायच्या. शेजारच्या जुन्या मशीनला हे विचारणं-सांगणं जमतच नसे, म्हणून त्याच्या वायरीच्या टोपणात त्या दोन तारा एकमेकींनाच जोडून टाकल्या होत्या. कॉम्प्युटरनं 'पाठवू का?' विचारलं की त्याचाच प्रश्न 'पाठव' होऊन परत यायचा. जुन्या मशीनचे प्रोग्राम छोटे, त्यामुळे ही फसवाफसवी खपून जायची. दोन्ही वायरी दिसायला मात्र सारख्याच.

खंडेनवमीला मशीनं पुसायची म्हणून सगळं सुटं केलं. हळद-कुंकू, नारळ, आमच्याच मळ्यातल्या झेंडूच्या माळा. पूजा झाली, पेढे वाटले, पुन्हा सगळं जोडलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दादानं मोठा साचा लावला. मी प्रोग्राम सोडला. थोड्या वेळानं असा आवाज झाला की मी खुर्चीतून उठलेच. कटर पोलादात घुसून मोडला होता आणि त्याचा तुकडा दादाच्या भुवईवर बसला होता. मी कापूस आणून रक्तावर दाबला. शेठ आधी साचा बघायला धावले. साचा बाद झाला होता.

"टूल नीट लावलं नव्हतंस. डोकं मळ्यात होतं तुझं," शेठ म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस."

दादा खाली वाकून कटरचे तुकडे गोळा करू लागला. मला त्याचाच संताप आला. त्यानं ते टूल, म्हणजे कटर, किती जपून लावलं होतं ते मी पाहिलं होतं. मी तिरीमिरीत वायर उपसली, टोपण उघडलं. आत दोन तारा एकमेकींना जोडलेल्या! वायरींची अदलाबदल झाली होती. मशीन थांब म्हणत होतं आणि ते कॉम्प्युटरपर्यंत पोचतच नव्हतं. तो पाठवत राहिला, आकडे वाटेत सांडले. एक दशांशचिन्ह गळालं तरी कटर भलतीकडे जातो. मला आनंद झाला, खरंच झाला. दादा सुटला असं वाटून मी ते उघडं टोपण घेऊन शेठकडे पळाले.

शेठ हुशार माणूस, लगेच समजले. पण त्यांनी सगळ्यांना बोलावून उभं केलं. आमच्या धंद्यात ज्याला पोलिंग म्हणतात ते हेच. मुख्य यंत्रानं एकेकाला पाळीनं विचारायचं, आणि विचारल्याशिवाय कुणी बोलायचं नाही.

"ही वायर तू लावलीस?"

"नाही शेठ."

"तू?"

"नाही."

दादाची पाळी आली.

"मीच लावली व्हती," तो म्हणाला. "पूजा झाल्यावर. दोन्ही बी मीच लावल्या."

त्याला वायरी लावताना कुणी पाहिलं नव्हतं. तो नाही म्हणाला असता तर प्रश्न पुढच्याकडे गेला असता आणि तिथंच विरला असता. माझ्या हातात अजून ते टोपण होतं.

"मग झालं तर," शेठ म्हणाले आणि आत निघून गेले.

सायकली काढताना मी त्याच्यावर ओरडले. बोलायची काय गरज होती?

"नाय म्हणलो असतो तर दुसऱ्या कोणावर तरी गेलं असतं," भुवईवरचा कापूस दाबत तो म्हणाला. "तू काम नको सोडू. लय शिकलीस तू."

मला सोडायचंच होतं. रात्रभर तेच मनात घोळत होतं. सकाळी वर्कशॉपमध्ये गेले तर दादाच्या जागी नवा माणूस उभा होता. वायर आता बरोबर होती. त्यानं हात वर केला, "पाठवा, ताई."

घरात आता माझा एकटीचाच पगार होता. मी पाठवलं.