विरघळताईंची पीएचडी

पाण्यात न विरघळणारं औषध विरघळवायचं, एवढाच तिच्या पीएचडीचा विषय. म्हणून लॅबमधली ज्युनियर मंडळी तिला विरघळताई म्हणायची. औषध सांधेदुखीचं होतं. गोळी घेतली तरी पोटात अर्धंअधिक तसंच राहायचं, म्हणून डोस मोठा द्यावा लागे. त्यात दुसरा एखादा पदार्थ मिसळून ते चटकन विरघळतं का, हे ती बघत होती. बरीच वर्षं ते विरघळायचं आणि आठवड्याभरात पुन्हा खडे धरायचं. नंतर एक मिश्रण जमलं. ते महिनोन्‌महिने टिकलं.

त्याच मिश्रणाच्या गोळ्यांची चाचणी चालू होती. काचेच्या भांड्यांत गोळ्या फिरत होत्या, ठरल्या वेळी थोडं थोडं पाणी काढून तपासायचं होतं. तेवढ्यात भावाचा फोन आला. त्याचं औषधांचं दुकान होतं.

"अगं, तुझं ते औषध बंद झालं."

"बंद म्हणजे? स्टॉक नाही?"

"बंद म्हणजे बंद. लोकांच्या हृदयाला त्रास होतोय म्हणे. कंपनीने सगळा माल परत मागवलाय. मी आत्ता फळीवरून काढतोच आहे."

"बरं," ती म्हणाली. फोन ठेवला आणि पुढचा नमुना वेळेवर काढला. चाचणी पूर्ण केली, भांडी धुऊन पालथी घातली, मग सरांच्या खोलीत गेली.

तिचे गाईड असलेल्या सरांना बातमी आधीच कळली होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"विषय बदलायचा तर नोंदणीपासून सगळं नव्याने आलं," ते म्हणाले. "पद्धत तुझी पक्की आहे. आहे ते लिहून काढ."

"पण सर, हे औषध आता कोणी घेणार नाही."

"पदवी औषधाला मिळत नाही, तुला मिळते."

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "रड तरी जरा," तो शेवटी म्हणाला.

"येत नाहीये. भाजी कुठली करू, ते सांग."

खरा प्रश्न आईचा होता. त्याच औषधावर तिची आखडलेली बोटं गेली काही वर्षं मोकळी झाली होती. आई भावाच्या मागे लागली, "दोन-चार पाकिटं बाजूला ठेव रे माझ्यापुरती." भावाने हात वर केले आणि बहिणीला बोलावून घेतलं.

"तूच म्हणायचीस ना, चांगलं औषध आहे म्हणून?" आईने विचारलं.

"म्हणायचे."

"मग आता काय झालं?"

"आता घ्यायचं नाही, आई. एकही नाही."

आईने उशीखालचं पाकीट काढून दिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. लेकीने पाकीट पर्समध्ये टाकलं आणि आईच्या पायावर पांघरूण घातलं. आपल्याला वाईट वाटायला हवं, हे तिला कळत होतं. दात काढल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं तिला आतून झालं होतं.

थिसिस तिने लिहिला. सकाळी डबा भरून निघायची, लिहायची, संध्याकाळी परत यायची. ज्युनियर मंडळी तिच्यासमोर हळू बोलायला लागली होती. त्याचा मात्र तिला कंटाळा यायचा.

व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक भले गृहस्थ होते. सगळं विचारून झाल्यावर ते जरा चाचरत म्हणाले, "तुमच्या या गोळीचा उपयोग आज कोणाला?"

"कोणालाच नाही, सर."

मग परीक्षकांनी मिश्रण न बिघडता टिकलं कसं, ते पुन्हा एकदा समजावून घेतलं आणि "उत्तम काम" म्हणून सही केली. बाहेर टाळ्या झाल्या. नवरा फोटो काढत होता. "अगं, हस की!" ती हसली. फोटो चांगला आला.

पुढे ती एका कॉलेजात शिकवायला लागली. काही वर्षांनी तिच्याकडे पहिली विद्यार्थिनी संशोधनाला आली.

"मॅडम, औषध कुठलं घेऊ?"

"आपलं काम संपेपर्यंत बाजारात राहील असं कुठलंही."

मुलीला तो विनोद वाटला. ती खळखळून हसली. विरघळताईंनाही मग थोडं हसू आलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, "बस. सांग, काय काय वाचलंयस?"